गॅरेजात धाडण्याआधी इंजिन घरी आणा

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस कायमची गेली. शेवटच्या नोंदणीच्या टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली आणि एका जमान्यावर पडदा पडला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, अनेकांनी आठवणी सांगितल्या. पण ज्या गल्ल्यांमध्ये आमचे बंधू पिढ्यान्‌पिढ्या गाड्या दुरुस्त करीत आले, तिथे या बातमीचा अर्थ वेगळा होता. ज्या इंजिनवर बापाने हात बसवला आणि मुलाला शिकवले, ते इंजिन आता भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने मोजले जाऊ लागले.

आमचे म्हणणे असे की, त्यातले एखादे इंजिन किलोने जाण्याआधी घरी आणावे. दुरुस्त करून विकण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी. हा सल्ला कोणाला हौसेचा वाटेल, म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो.

आमच्या समाजात मोटार दुरुस्तीचा धंदा किती घरांची चूल पेटवतो हे सांगायला नको. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालातही मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या व्यवसायांत ठळक दिसले, त्यात वाहनांची दुरुस्ती होती. हा धंदा हलाल आहे, इज्जतीचा आहे. पण तो शिकण्याची आमची रीत मात्र महाग पडते. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही असे दिसले की सातवी-आठवीतच त्याला शाळेतून काढायचे आणि कोण्या उस्तादच्या हवाली करायचे. पहिली दोन वर्षे तो चहा आणतो, पाने पुसतो, गाडीखाली टॉर्च धरतो. हात बसेपर्यंत शाळा सुटलेली असते. चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, ती गोष्ट वेगळीच. पुढे तोच मुलगा उत्तम कारागीर होतो, पण मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या आयटीआय कोर्सला दहावीचा दाखला लागतो आणि तो त्याच्याकडे नसतो. कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनचे दार त्याच्यासाठी तिथेच बंद होते.

शाळा न सोडता हात बसवायचा एक मार्ग आहे. सुटीच्या दिवशी, वडिलांच्या किंवा मामाच्या देखरेखीखाली, अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एक जुने इंजिन पूर्ण उघडायचे आणि पूर्ण बांधायचे. सहा महिने लागले तरी चालतील. गिऱ्हाईक डोक्यावर उभे नसते, म्हणून चूक झाली तर पुन्हा उघडता येते. गॅरेजात हीच सवड कोणाला मिळत नाही.

यासाठी पद्मिनीचेच इंजिन का? कारण ते सरळ आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून सुरू झालेली ही गाडी १९७४पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली. चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सी.सी. कार्बोरेटर आहे, डिस्ट्रिब्यूटर आहे. सेन्सर नाही, संगणक नाही. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. पद्मिनी मिळाली नाही तर अँबॅसेडरचे किंवा जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८००चेही चालेल. मारुतीचे तीन सिलिंडरचे इंजिन तर दोघांना सहज हलवता येते.

आमची स्वतःची फजिती

हा उपदेश आम्ही फुकट करीत नाही, त्याची किंमत मोजली आहे. आम्ही पहिले इंजिन घरी बांधले तेव्हा गाड्यांच्या सहवासात वाढलो होतो, एवढेच भांडवल होते. नट-बोल्ट सगळे एका डब्यात टाकले. चारही कनेक्टिंग रॉडच्या टोप्या काढून एका गोणपाटावर ठेवल्या, कारण चारही सारख्याच दिसत होत्या. बेअरिंग नवे घातले, टोप्या हाताला आल्या तशा बसवल्या आणि पाना अंगात जोर असेल तेवढा आवळला. क्रँक फिरवताना जड लागत होता. आम्ही म्हटले, नवे काम आहे, चालता चालता मोकळे होईल.

इंजिन सुरू झाले. घरात मिठाई वाटली. पाचव्या दिवशी खालून ठक-ठक आवाज येऊ लागला आणि संध्याकाळपर्यंत गाडी दोरीने ओढून आणावी लागली. दोन बेअरिंगचा धातू वितळून क्रँकला चिकटला होता.

ओळखीच्या एका म्हाताऱ्या उस्तादना बोलावले. त्यांनी चष्मा लावला, क्रँकवरून अंगठा फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "बेटा, मापं कुठे लिहून ठेवलीस?"

आमच्याकडे कागदच नव्हता. आम्ही म्हटले, "उस्ताद, हाताला बरोबर वाटलं होतं."

ते म्हणाले, "हाताला सूत कळतं. इंजिनाला थाऊ लागतो."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. क्रँकचे पैसे गेले त्याचे दुःख होतेच. पण हेच काम आम्ही एखाद्या टॅक्सीवाल्याचे केले असते तर? त्याची रोजची रोजी त्या गाडीवर चालली असती, आणि आम्ही मजुरी घेऊन मोकळे झालो असतो.

सूत आणि थाऊ

उस्तादांच्या त्या वाक्याचा हिशेब तरुण वाचकांनी नीट समजून घ्यावा. आमच्या सुतारकामात, लोहारकामात सूत हे माप चालते. आठ सूत म्हणजे एक इंच. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; म्हणजे एका सुतात १२५ थाऊ होतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी जी फट ठेवायची असते ती क्रँकच्या दर इंच जाडीमागे साधारण एक थाऊ. दोन इंचाच्या जर्नलला दोन थाऊ, म्हणजे सुताचा साठावा भाग. या फटीत तेलाचा पातळ पडदा तयार होतो आणि क्रँक त्या पडद्यावर तरंगत फिरतो; धातू धातूला लागतच नाही. फट कमी झाली तर पडदा तुटतो व बेअरिंग जळते. जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो आणि ठोका सुरू होतो.

आमच्या टोप्यांचे तेच झाले. रॉड आणि त्याची टोपी कारखान्यात एकत्र जोडून त्यांचे भोक कातलेले असते. एकाची टोपी दुसऱ्याला लावली की भोक गोल राहत नाही. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कुठेतरी एक-दोन थाऊ चिमटले जाते, आणि इंजिनाचा जीव तेवढ्यातच असतो. क्रँक जड लागत होता तेव्हा तो हेच सांगत होता. आम्ही ऐकले नाही.

कुरआन मजीदच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांचा उल्लेख आहे. त्यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आले आणि चिलखत करताना त्याच्या कड्या बरोबर मापात ठेवण्याची आज्ञा झाली. लोहकाम करणाऱ्या प्रत्येक बंधूने यावर विचार करावा. अल्लाहने आपल्या पैगंबराला हुनर दिला आणि त्यासोबत मापाची ताकीदही दिली. मापात कमी देणाऱ्यांचा इशारा सूरह मुतफ्फिफीनमध्ये आहे. तो आपण फक्त धान्याच्या तराजूपुरता समजतो. अंदाजाने बांधलेले इंजिन पूर्ण मजुरी घेऊन गिऱ्हाईकाला देणे हेही कमी मापच नव्हे काय?

घरी काय करावे, लेथवाल्याकडे काय द्यावे

नवशिक्याचा पहिला गैरसमज असा की सगळे काम घरी होते. तसे नाही. सिलिंडरचे बोअरिंग व होनिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग ही कामे यंत्रावरची आहेत व ती चांगल्या लेथवाल्याकडेच द्यावीत. घरी करायची ती उघडणे, धुणे, मोजणे, लिहिणे आणि बांधणे. यातले मोजणे व लिहिणे हेच खरे शिक्षण आहे.

इंजिन गाडीत चालू असेल तर उघडण्याआधी त्याची नाडी पाहावी. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरते आहे. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजावे व वहीत लिहावे. ज्यात कमी भरेल त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंग-बोअरचा. वाढला नाही तर बहुधा वॉल्वचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेडचे पॅकिंग पाहावे. एवढ्या अर्ध्या तासाच्या कामाने कित्येकदा कळते की इंजिन पूर्ण उघडायची गरजच नव्हती. गिऱ्हाईकाचे पैसे वाचवणारी ही पहिली विद्या आहे.

उघडताना हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असतानाच सैल करावेत. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, गरम असताना सोडले तर वाकते. सोडताना बाहेरून आत यावे, आवळताना मधून बाहेर जावे, आणि दोन्ही वेळा थोडे थोडे. प्रत्येक रॉड व टोपीवर नंबर घालावा. वॉल्व आपापल्या जागेच्या क्रमाने पुठ्ठ्यात भोके पाडून खोचावेत. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी. आज मुलांच्या हातात मोबाईल आहेच. तो सिनेमासाठी वापरण्याऐवजी प्रत्येक टप्प्याचा फोटो घेण्यासाठी वापरावा.

मग मोजणी. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगा जिथून परत फिरतात तिथे सर्वांत जास्त झिजतो. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजावा. सिलिंडरमागे सहा मापे, चार सिलिंडरची चोवीस. या चोवीस आकड्यांत इंजिनाची सगळी कहाणी असते. बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेणे परवडत नसेल तर दोन-चार घरांनी मिळून घ्यावे, किंवा लेथवाल्याकडे उभे राहून त्याच्याकडून मोजून घ्यावे आणि आकडे स्वतःच्या हाताने लिहावेत.

बोअरिंग करायचे ठरले तर आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्यावेत आणि ते लेथवाल्याच्या हातात द्यावेत. पिस्टन मोजून त्याप्रमाणे त्याने बोअर करावा. आधी बोअर आणि मग बाजारात पिस्टनची शोधाशोध, ही उलटी गंगा अनेकांना महागात पडली आहे. क्रँकचेही तसेच. दहा, वीस, तीस थाऊ असे ग्राइंडिंगचे टप्पे असतात. त्या मापाचे बेअरिंग बाजारात मिळते याची खात्री करूनच क्रँक द्यावा.

लेथवरून आलेला ब्लॉक गरम पाणी व साबणाने ब्रशने घासून धुवावा. नुसत्या रॉकेलने होनिंगची बारीक कीस निघत नाही. पांढरे फडके आत फिरवून पांढरेच बाहेर आले की धुणे संपले. मग तत्काळ तेलाचा हात फिरवावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. बांधताना प्रत्येक रिंग आधी एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहावी. इंचामागे चार थाऊ हा जुना ठोकताळा. ६८ मिलिमीटरला साधारण दहा-अकरा थाऊ. फट याहून फार कमी असेल तर रिंग तापून फुगते, टोके एकमेकांना भिडतात आणि बोअरला ओरखडे पडतात. पुस्तकात त्या इंजिनाचे माप दिलेले असेल तर तेच प्रमाण मानावे. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत. आणि एक नियम कधी मोडू नये: प्रत्येक टोपी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. जड लागला तर पुढे जाऊ नये, तिथेच थांबून उघडावे.

जिवाची काळजी वेगळी सांगायला हवी का? तरीही सांगतो. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये. लोखंडी घोडी लावावी. बंद खोलीत इंजिन सुरू करू नये, त्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो. पेट्रोलने भाग धुण्याची सवय सोडावी. जळके तेल गटारात ओतू नये. त्या गटाराचे पाणी शेवटी कोणाच्या तरी विहिरीत जाते. ते डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला द्यावे.

इंजिनचा नंबर हीही अमानत

ब्लॉकवर नंबर असतो. ब्लॉक विकत घेताना त्याचे कागद, विकणाऱ्याची पावती घ्यावी. स्वस्त मिळाला म्हणून बिनकागदाचा ब्लॉक घरी आणणे म्हणजे चोरीचा माल आणण्याचा धोका पत्करणे. त्याने रोजीही जाते आणि नावही जाते. आणि गाडीत दुसऱ्या नंबरचे इंजिन बसवायचे असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८च्या ५२व्या कलमाप्रमाणे आर.टी.ओ.ची मंजुरी घेऊन नोंदणी पुस्तकात बदल करावा लागतो. नुसते शिकण्यासाठी घोडीवर ठेवलेल्या इंजिनाला हे लागू नाही, पण पावती मात्र तिथेही हवी. मुलाला पहिल्याच दिवशी ही सवय लागली तर पुढे कोणी त्याच्या दुकानाकडे बोट दाखवणार नाही.

दोन आक्षेप

आमचे काही उस्ताद म्हणतील, हुनर हा उस्तादच्या जोड्याजवळ बसूनच येतो, घरी पुस्तक वाचून नव्हे. त्यांचा आदर राखून आम्ही सांगतो की, उस्तादची गरज आम्ही नाकारत नाही. आमचे डोळे एका उस्तादनेच उघडले. पण जो मुलगा एक इंजिन घरी उघडून येतो तो उस्तादला प्रश्न विचारू शकतो, आणि प्रश्न विचारणारा शागीर्द दोन वर्षांचे काम सहा महिन्यांत शिकतो. आणखी एक विनंती उस्तादांना आहे. आपली मापे लिहून ठेवा. दियारबकरच्या अल-जझरी यांनी १२०६ साली आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. पाणी उपसण्याच्या त्यांच्या पंपात फिरत्या गतीची मागेपुढे होणारी गती केलेली आहे; इंजिनातला क्रँक हेच काम उलट दिशेने करतो. ते स्वतः कारागीर होते, पण त्यांनी हुनर छातीत दडवला नाही. प्रत्येक यंत्र कसे बांधायचे ते आकृत्यांसह लिहिले. म्हणून आठशे वर्षांनंतरही लोक त्यांची यंत्रे पुन्हा बांधू शकतात. आमच्या किती उस्तादांचे हुनर त्यांच्या जनाज्यासोबतच गेले, याचा विचार करा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विजेच्या गाड्या आल्या, एप्रिल २०२०पासून बी.एस. ६ आले, आता जुने इंजिन शिकून काय करायचे? खरे आहे. केवळ कार्बोरेटरच्या इंजिनांवर पुढची पिढी पोट भरू शकणार नाही, आणि तसे सांगणे म्हणजे मुलांची फसवणूक होईल. पण आम्ही पद्मिनी शिकवायला सांगत नाही; पद्मिनीवर मोजायला, लिहायला आणि दोषाचे कारण शोधायला शिकवायला सांगतो. नव्या गाडीत स्कॅनर लावला की तो दोषाचा कोड दाखवतो. कोडमागचे कारण माणसालाच शोधावे लागते. ज्याला कॉम्प्रेशन, मिक्श्चर आणि ठिणगी यांचे नाते हाताने कळले आहे तो स्कॅनरचा मालक होतो. ज्याला कळले नाही तो नुसते भाग बदलत बसतो. विजेच्या गाडीचा दाब तर जीवघेणा असतो, तिथे रीतसर प्रशिक्षणाशिवाय हात घालताच येणार नाही. आणि प्रशिक्षणासाठी पुन्हा दाखला हवा. म्हणजे बात फिरून तिथेच येते: मुलाची शाळा सोडवू नका.

मशिदीच्या कमिट्या, जमाती आणि व्यापारी मंडळे यांनी मनात आणले तर प्रत्येक मोहल्ल्यात एक पत्र्याची शेड, एक जुने इंजिन, एक टॉर्क पाना आणि एक मायक्रोमीटर एवढी सोय अवघड नाही. रविवारी दोन तास एखाद्या उस्तादने वेळ द्यावा. त्याला सवाब मिळेल, आणि दहावीनंतर आयटीआयच्या दारात उभी राहणारी मुले रिकाम्या हाताने उभी राहणार नाहीत, इन्शाअल्लाह.

आमच्या त्या इंजिनाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. क्रँक ग्राइंड करून घेतला, बेअरिंग नवे आणले, या वेळी वही आधी आणली. दुसऱ्या खेपेला प्रत्येक टोपी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवला. सुरू करण्याआधी प्लग काढून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारला. पहिले ५०० किलोमीटर गाडी हळू चालवली आणि तेल बदलले. या वेळी मिठाई वाटायची घाई केली नाही. ती वही अजून आमच्याकडे आहे. तेलाच्या डागांमुळे काही आकडे पुसट झालेत, पण चोवीसच्या चोवीस वाचता येतात.